ड्रॅगनप्रधान अद्भुतकादंबरी आणि मराठी वाचक

ड्रॅगनप्रधान अद्भुतकादंबरी म्हणजे जिच्या कथानकात ड्रॅगन या कल्पित प्राण्याला मध्यवर्ती स्थान असते अशी कादंबरी. प्रचंड देह, पंख, खवले, मुखातून निघणारा अग्नी आणि पुरलेल्या धनाविषयीची आसक्ती ही युरोपीय ड्रॅगनची सर्वपरिचित लक्षणे होत. विसाव्या शतकात इंग्रजी भाषेत हा कादंबरीप्रकार बहरला. मराठीत तो मुख्यत्वे भाषांतरांच्या आणि चित्रपटांच्या वाटेने आला. मराठी वाचकाच्या मनात मात्र सर्पाविषयीचा एक जुना आणि वेगळा संस्कार आधीपासून वस्तीला असतो. त्यामुळे या कादंबऱ्यांचे त्याचे वाचन इंग्रजी वाचकाच्या वाचनाहून थोडे निराळे होते. प्रस्तुत लेखात या निराळेपणाचा विचार केला आहे.

नाव

'ड्रॅगन' या शब्दाला मराठीत सर्वमान्य प्रतिशब्द नाही. सर्प, अजगर, महानाग, व्याल यांपैकी कोणताही शब्द पुरता बसत नाही. अजगराला पंख नाहीत, नागाला पाय नाहीत आणि मंदिरशिल्पांतील व्याल सिंहाच्या कुळातला आहे. खगोलशास्त्राच्या मराठी लेखकांनी आकाशातील ड्रॅगनच्या तारकासमूहाला 'कालेय' आणि जलसर्पाच्या तारकासमूहाला 'वासुकी' ही नावे दिली, ती रूढही झाली. परंतु कथासाहित्याने त्यांचा लाभ घेतला नाही. इंग्रजीत ज्या कीटकाच्या नावात ड्रॅगन दडला आहे, त्याला मराठी बोलीने 'चतुर' असे सुटसुटीत नाव केव्हाच देऊन टाकले. वृत्तपत्रीय मराठीत 'ड्रॅगन' म्हणजे बहुधा चीन. चिनी ड्रॅगन हा मुळात पाऊस आणि नद्यांशी निगडित, पुष्कळदा कल्याणकारी मानलेला प्राणी आहे, हे ते मथळे वाचताना कोणाच्या ध्यानात येत असेल, असे वाटत नाही.

युरोपीय पूर्वपीठिका

आधुनिक कादंबरीतील ड्रॅगनचे दोन पूर्वज महत्त्वाचे आहेत. पहिला 'बेवूल्फ' या जुन्या इंग्रजी महाकाव्यातला. तो एका टेकडीखाली धनाची राखण करीत निजलेला असतो. एक पेला चोरीस जातो, त्याला जाग येते आणि तो गावे जाळीत सुटतो. वृद्ध राजा बेवूल्फ त्याला मारतो आणि स्वतःही मरतो. दुसरा नॉर्स परंपरेतला फाफ्निर. सोन्याच्या लोभाने बापाचा वध करून धनावर बसलेला हा पुरुष अखेर स्वतःच ड्रॅगन होतो आणि सिगुर्डच्या हातून मरतो. लोभाने मनुष्याचा सर्प होणे ही कल्पना मराठी वाचकाला मुळीच परकी नाही. पुरून ठेवलेल्या धनात जीव अडकला की मालक नाग होऊन त्यावर बसतो, असे गावोगाव सांगितले जाते.

टोल्किन आणि त्यानंतर

जे. आर. आर. टोल्किन हे ऑक्सफर्डमध्ये जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक होते. बेवूल्फमधील राक्षस आणि ड्रॅगन यांना बाजूस सारून केवळ इतिहासासाठी ते काव्य वाचणाऱ्या पंडितांवर त्यांनी १९३६ साली एका प्रसिद्ध व्याख्यानात टीका केली. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, त्यांची 'द हॉबिट' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यातील स्मॉग हा ड्रॅगन बेवूल्फमधील ड्रॅगनचा थेट वंशज आहे. येथेही पेला चोरीस जातो, येथेही गाव जळते. भर पडली आहे ती वाणीची. स्मॉग बोलतो आणि फार गोड बोलतो. बिल्बो त्याच्याशी कोड्यांत बोलून आपले नाव लपवतो, स्तुती करून त्याच्या छातीवरची उघडी जागा पाहून घेतो; स्मॉग मात्र तेवढ्या वेळात बिल्बोच्या मनात त्याच्या सोबत्यांविषयी संशय पेरतो. अग्नीपेक्षा हा संशय अधिक दाहक आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रकारातील सर्वोत्तम संवाद आजही हाच आहे.

अर्सुला ले ग्विन यांच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) या कादंबरीत गेड हा तरुण मांत्रिक पेंडोर बेटावरील वृद्ध ड्रॅगनला त्याच्या खऱ्या नावाने बांधतो. शस्त्राचे तेथे फारसे काम नाही. जुन्या बखरी वाचून केलेला नावाचा तर्क खरा ठरतो, एवढ्यावर विजय अवलंबून आहे. नाव उच्चारण्याच्या सामर्थ्याची ही कल्पना इंग्रजी वाचकाला नवलाची वाटते. आपल्या खेड्यांत मात्र रात्रीच्या वेळी सापाचे नाव घेत नाहीत. 'जनावर' किंवा 'लांबडं' म्हणतात. नाव घेतले की तो येतो, हा समज. यवतमाळसारख्या कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात पावसाळ्यात शेतावर जाणाऱ्या घरातील मुलाला अर्थसीचा हा नियम समजावून सांगावा लागत नाही. त्याच्या आजीने तो आधीच सांगितलेला असतो. ले ग्विन यांनी पुढे 'तेहानू' (१९९०) मध्ये ड्रॅगन आणि मनुष्य एके काळी एकच होते असे सुचवले आणि ड्रॅगनकडे पाहण्याची दृष्टीच पालटून टाकली.

१९६८ मध्येच ॲन मॅककॅफ्री यांची 'ड्रॅगनफ्लाइट' आली. पर्न या ग्रहावर आकाशातून पडणाऱ्या घातक 'थ्रेड'ला ड्रॅगन आणि त्यांचे स्वार मिळून जाळतात. येथून ड्रॅगन हा शत्रू न राहता सोबती झाला. मिखाएल एंडे यांच्या 'द नेव्हरएंडिंग स्टोरी' (१९७९) या मूळ जर्मन कादंबरीत तो शुभदायक आहे. क्रिस्टोफर पाओलिनी यांनी 'एरॅगॉन'चे लेखन पंधराव्या वर्षी सुरू केले. ती २००२ मध्ये घरच्यांनी छापली आणि २००३ मध्ये मोठ्या प्रकाशनसंस्थेकडून निघाली. तिच्यातील सफिरा ही मादी ड्रॅगन नायकाची जिवलग आहे. किशोरवयीन वाचकांना ही कादंबरी फार आवडते आणि त्या वयाच्या लेखकाचे कौतुक करावे तेवढे थोडेच. तरीही ड्रॅगन एकदा का वाहन झाला, की त्याच्याविषयीचा विस्मय ओसरू लागतो, हे नमूद केले पाहिजे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी 'अ गेम ऑफ थ्रोन्स' (१९९६) मध्ये हे ओळखले असावे. तेथे ड्रॅगन नामशेष झालेले आहेत, उरली आहेत ती दगडासारखी अंडी. तीन पिल्ले जन्मतात ती कादंबरीच्या अगदी शेवटी. शेकडो पाने ड्रॅगन न दाखवता त्याचा धाक निर्माण करणे ही साधी कामगिरी नव्हे.

रसचर्चेच्या भाषेत बोलायचे तर अद्भुताचा स्थायिभाव विस्मय आणि भयानकाचा भय. उत्तम ड्रॅगनकथेत हे दोन्ही भाव एकाच क्षणी जागे होतात. नुसते भय उरले तर ती भयकथा होते, आणि भय पुरते गेले तर पाळीव प्राण्याची गोष्ट.

भारतीय परंपरेतील सर्प

भारतीय परंपरेत सर्पवध नाही, असे सरसकट म्हटले जाते ते बरोबर नाही. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील बत्तिसाव्या सूक्तात इंद्र पाणी अडवून बसलेल्या वृत्राला, म्हणजे 'अहि'ला, मारून नद्या मोकळ्या करतो. तौलनिक अभ्यासक या कथेची युरोपातील ड्रॅगनवधाच्या कथांशी सांगड घालतात. परंतु महाभारतात याच वधामुळे इंद्राला ब्रह्महत्येचे पाप लागते. पुढे कल वधाकडून समेटाकडे झुकत गेला. भागवताच्या दशम स्कंधात कृष्ण कालियाचे दमन करतो, मारीत नाही. त्याला यमुना सोडून जाण्यास सांगतो. जनमेजयाचे सर्पसत्र आस्तीक थांबवतो, आणि आस्तीकाची माता नागकुळातली आहे.

वनपर्वातील अजगराची कथा तर या संदर्भात मुद्दाम वाचावी अशी आहे. भीम अजगराच्या विळख्यात सापडतो. तो अजगर म्हणजे अगस्त्यांच्या शापाने सर्प झालेला राजा नहुष. युधिष्ठिर तेथे येतो आणि त्याच्या प्रश्नांची उत्तरे देतो. उत्तरे पटल्यावर भीम सुटतो आणि नहुषही शापमुक्त होतो. फाफ्निर आणि नहुष दोघेही मदाने सर्प झालेले पुरुष होत. एकाचा शेवट तलवारीने होतो, दुसऱ्याची सुटका संवादाने.

महाराष्ट्रात श्रावण शुद्ध पंचमीला नागाची पूजा होते. विदर्भातही त्या दिवशी वारुळाला जातात, भिंतीवर नागाचे चित्र काढतात, शेतकरी नांगर धरीत नाही, घरात चिरणे-कापणे टाळतात. या दिवसाच्या कहाणीत शेतकऱ्याच्या नांगराने नागिणीची पिल्ले मरतात, ती सूडाने घरातील माणसांना दंश करते आणि अखेर मुलीची भक्ती पाहून त्यांना पुन्हा जिवंत करते. इंग्रजी कादंबरीत पिल्ले गमावलेल्या सर्पिणीची बाजू मांडायला बराच काळ जावा लागला. ही कहाणी तिच्या दुःखापासूनच सुरू होते. म्हणूनच स्मॉगच्या छातीत काळा बाण रुततो तेव्हा मराठी वाचकाच्या आनंदात किंचित हुरहुर मिसळलेली असू शकते.

मराठी कादंबरी आणि अद्भुत

मराठी कादंबरीच्या आरंभी अद्भुताला मज्जाव नव्हता. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्या वाचकप्रिय होत्या. आपल्या लोकांच्या नित्याच्या जीवनात रंजक असे काही घडत नाही, म्हणून अद्भुताचा आश्रय घ्यावा लागतो, अशा आशयाचे स्पष्टीकरण रिसबूडांनी प्रस्तावनेत दिले आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांच्या भाषांतरामुळे अरबी कथांतील जिन, प्रचंड सर्प आणि रुख पक्षी घरोघर पोहोचले. पुढे हरिभाऊ आपटे यांच्या सामाजिक कादंबऱ्यांनी वास्तवाचा मार्ग घालून दिला. विधवेचे केशवपन हा विषय समोर असताना मायावी राजवाड्यांत रमणे समीक्षकांना पोरकट वाटू लागले, आणि ते स्वाभाविकही होते. नाथमाधवांच्या 'वीरधवल'सारखी कादंबरी वाचकांनी उचलून धरली, तरी प्रतिष्ठेचे स्थान वास्तवालाच मिळाले. त्यानंतर अद्भुताची भूक भागवली ती नारायण धारपांच्या भयकथांनी आणि जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथांनी. जी. ए. कुलकर्णी यांनी 'रमलखुणा' (१९७५) मधील 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दीर्घकथांत स्थलकालातीत कल्पित प्रदेश उभे केले, ते कोणत्याही भाषेतील अद्भुतसाहित्याशेजारी ठेवता येतील. पण त्या वाटेने मागून फारसे कोणी गेले नाही.

पालक आणि शिक्षकांचे आक्षेप

ड्रॅगनच्या कादंबऱ्यांविषयी दोन आक्षेप वारंवार ऐकू येतात. पहिला पलायनवादाचा. ले ग्विन यांनी अमेरिकन माणसे ड्रॅगनला का भितात या विषयावरील आपल्या निबंधात (१९७४) एका ग्रंथालयाची हकिगत दिली आहे. तेथे 'द हॉबिट' मुलांच्या विभागात ठेवत नसत, कारण पलायनवाद मुलांना हितकर नाही, असे तेथील मत होते. कल्पनाशक्ती दडपली तर ती नाहीशी होत नाही, निकृष्ट रूपात वाढते, असा ले ग्विन यांचा युक्तिवाद आहे.

दुसरा आक्षेप आपल्याकडील आहे आणि अधिक गंभीर आहे: अशा पुस्तकांनी अंधश्रद्धा वाढते. हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. गुप्तधन आणि त्यावरचा राखणदार नाग या समजुतीपायी महाराष्ट्रात अघोरी प्रकार घडले आहेत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाच्या अनुसूचीत धन शोधण्यासाठी केलेल्या अमानुष कृत्यांचा समावेश आहे. साप चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हाही त्याखाली गुन्हा आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचा वावर असलेल्या शेतशिवारात हा पुस्तकी मुद्दा राहत नाही.

तथापि कादंबरी आणि भोंदूगिरी यांत एक स्पष्ट भेद आहे. भोंदू आपले म्हणणे खरे मानायला लावतो. कादंबरी पहिल्या पानापासून आपण कल्पित असल्याचे सांगते आणि तेवढ्या पानांपुरताच विश्वास मागते. स्मॉगच्या सोन्याची गोष्ट वाचून कोणी शेत खणायला निघत नाही. उलट, सोन्यावर निजणाऱ्याचे काय होते ते त्याला कळते. वर्गात शिकवताना ही कादंबरी आणि सर्पदंशावरील प्रथमोपचाराचा धडा एकाच आठवड्यात घ्यायला काहीच हरकत नाही. कोणती गोष्ट कोणत्या अर्थाने खरी, हे मुलांना बहुधा मोठ्यांच्या आधी उमगते.

भाषांतराचे प्रश्न

'द हॉबिट'चे मराठी भाषांतर मीना किणीकर यांनी, तर 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने मुग्धा कर्णिक यांनी केले आहे. हॅरी पॉटर मालिकाही मराठीत उपलब्ध आहे. तिच्या पहिल्या भागाच्या शीर्षकात 'परीस' हा शब्द आला, आणि इंग्रजी शीर्षकातील अवजड शब्दसमूहाचे काम या एका शब्दाने केले. ड्रॅगनला असा परीस अद्याप लाभलेला नाही.

शब्दापेक्षाही व्याकरणाची अडचण मोठी आहे. मराठीत 'ड्रॅगन' पुल्लिंगी रूढ झाला. मग सफिरा 'उडाली' म्हणावे की 'उडाला'? नाम पुल्लिंगी आणि क्रियापद स्त्रीलिंगी अशी ओढाताण होते. 'ड्रॅगनीण' हा शब्द बनवता येईल, पण कानाला तो थट्टेचा वाटतो. हॅरी पॉटरमध्ये हॅग्रिड ज्या पिल्लाला नर समजून नाव ठेवतो ते पुढे मादी निघते. इंग्रजीत या बदलाला एक नवे नाव आणि सर्वनाम पुरते, मराठीत मात्र क्रियापदांची आणि विशेषणांची रूपेही पालटावी लागतात.

त्याहून नाजूक प्रश्न संबोधनाचा. इंग्रजीत बिल्बो आणि स्मॉग एकमेकांना एकाच सर्वनामाने संबोधतात. मराठी भाषांतरकाराला 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांतून निवड करणे भागच आहे. स्मॉग बिल्बोला 'तू' म्हणणार हे उघड आहे. बिल्बोने मात्र दरबारी 'आपण' वापरले तरच त्याची खुशामत खरी वाटेल. 'तुम्ही' म्हटले तर तो एखाद्या सावकाराशी व्याजाची बोलणी करायला आला आहे असे वाटेल, आणि भीतीने त्याच्या तोंडून एकदा जरी 'तू' निसटला, तरी तेवढ्यावरून ड्रॅगनला त्याचे सोंग कळून येईल.