शनिवारची शाळा आणि सरकारी कागद

कृष्णवर्णीयांची चळवळ म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे अमेरिका येते. ते साहजिकच आहे, कारण 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती नावापासूनच तिथल्या ब्लॅक पँथरची प्रेरणा घेऊन. त्याच सुमारास लंडनमध्ये कॅरिबियन बेटांतून आलेली कुटुंबं आपल्या मुलांसाठी एक लढाई लढत होती. सभा, पत्रकं, शनिवारचे वर्ग, कोर्टाच्या तारखा असा तिचा ऐवज. कॅमेऱ्याला त्यात रस वाटावा असं फार काही नव्हतं, म्हणून ती कमी ठाऊक आहे. मुलांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या कुणीही मात्र ती बारकाईने पाहायला हवी. तिच्या पुढाऱ्यांनी दोन कामं एकमेकांपासून तुटू दिली नाहीत. ज्या प्रशासनाशी भांडायचं, त्याचेच कागद त्याच्यापुढे ठेवायचे. आणि निकाल लागेपर्यंत पोरांचं शिक्षण अडू द्यायचं नाही. त्यांचं यश या जोडकामात आहे, असं माझं म्हणणं आहे.

1969 च्या सुरुवातीला उत्तर लंडनमधल्या हॅरिंगे बरोच्या कारभारातलं एक टिपण बाहेर फुटलं. लिहिणारे आल्डरमन (पालिकेचे ज्येष्ठ सदस्य) डाउल्टन हे हायगेट स्कूलचे मुख्याध्यापक. वेस्ट इंडियन मुलांचा बुद्ध्यांक इंग्रज मुलांपेक्षा कमी असतो हे जणू सर्वमान्यच आहे, अशा थाटात त्यांनी ते लिहिलं होतं. मुलांच्या चाचण्या घेऊन, त्यांची प्रतवारी लावून त्यांना निरनिराळ्या शाळांत वाटून टाकायचा बेत तेव्हा शिजत होता. नॉर्थ लंडन वेस्ट इंडियन असोसिएशनचे जेफ क्रॉफर्ड आणि त्यांच्याबरोबरचे पालक यांनी या बेताविरुद्ध रान उठवलं आणि तो अखेर बारगळला. टिपण गुप्त राहिलं असतं तर विरोध नुसत्या संशयावर उभा राहिला असता, आणि संशयाला शिक्षणखातं दाद देत नाही.

याहून खोल जखम होती ती ‘ईएसएन’ शाळांची. ‘एज्युकेशनली सबनॉर्मल’, म्हणजे शिक्षणात सामान्यांहून खालची, असा शिक्का बसलेल्या मुलांसाठी या वेगळ्या शाळा. मुलाला ‘स्पेशल’ शाळेत पाठवतोय असं पालकांना सांगितलं जाई. नुकत्याच आलेल्या आईबापांपैकी कित्येकांना वाटे, बरं झालं, पोराकडे जास्त लक्ष देतील. वर्गात मुलं कमी, न्यायला बस. काही वर्षांनी कळे की पोराला धड वाचता येत नाही, कुठल्या परीक्षेला बसता येत नाही आणि साध्या शाळेत परतायची वाट जवळजवळ बंद आहे. इनर लंडन एज्युकेशन ऑथॉरिटीची 1967 ची आकडेवारी सांगते की साध्या शाळांत स्थलांतरितांची मुलं सुमारे 15 टक्के होती, तर ईएसएन शाळांत सुमारे 28 टक्के. आणि या 28 टक्क्यांत बहुसंख्य मुलं वेस्ट इंडियन.

हे आकडे पालकांच्या हातात ठेवले ते बर्नार्ड कोअर्ड या ग्रेनाडाहून आलेल्या तरुण शिक्षकाने. तो अशाच शाळांत शिकवत होता. 1971 मध्ये त्याची पुस्तिका निघाली आणि ती लिहिली होती थेट कृष्णवर्णीय आईबापांसाठी. चाचणी घेणारा गोरा, प्रश्न मध्यमवर्गी गोऱ्या घरांतल्या अनुभवावर बेतलेले, आणि समोर नव्या देशात, कधी वर्षानुवर्षं न पाहिलेल्या आईबापांकडे येऊन पडलेलं बावरलेलं मूल. यातून निघणारा बुद्ध्यांक नेमकं काय मोजतो, हा त्याचा सवाल. पण त्याने तक्रारीवर थांबणं टाळलं. पालकांनी शाळेत जावं, मुलाला हलवायला नकार द्यावा, आपले पूरक वर्ग काढावेत, अशी कामांची यादीच दिली. हाच कोअर्ड पुढे ग्रेनाडाच्या क्रांतिकारी सरकारात उपपंतप्रधान झाला आणि 1983 मध्ये झालेल्या पंतप्रधान मॉरिस बिशप यांच्या हत्येच्या खटल्यात पुढे दोषी ठरला. या इतिहासाकडे बोट दाखवून पुस्तिका मोडीत काढता येणार नाही. तिचा आधार शिक्षणखात्याचे स्वतःचे आकडे होते.

पुस्तिका छापली न्यू बीकन बुक्सने. 1966 मध्ये जॉन ला रोज आणि सॅरा व्हाइट यांनी काढलेली ही प्रकाशनसंस्था. ला रोज मूळचे त्रिनिदादचे, कामगार चळवळीत मुरलेले, कवी. 1969 मध्ये त्यांनी आपल्या घरात जॉर्ज पॅडमोर पूरक शाळा सुरू केली. शाळेत मागे पडणारं मूल तिथे गणित-इंग्रजी पक्कं करी आणि आफ्रिकेचा, कॅरिबियनचा इतिहासही शिके. अशा वर्गांमुळे सरकारला आयतीच पळवाट मिळते आणि समाज आपल्याच कोषात जातो, हा आक्षेप वजनदार आहे. पण ही मुलं सोमवारी पुन्हा सरकारी शाळेतच जात होती, आणि शनिवारी वर्ग चालवणारी माणसंच इतर दिवशी शिक्षणखात्याशी भांडत होती. शिवाय ज्याला वाचता येणारच नाही असं ठरवलं गेलं, तो पोरगा शनिवारी वाचू लागला, तर मूळ निदानाचं काय, हा प्रश्न सरकारच्याच दारात जाऊन उभा राहतो.

दुसरा आक्षेप सामाजिक वर्गाचा. गोऱ्या कामगारांची मुलंही या शाळांत होती, मग वर्णाचा मुद्दा कशाला? चाचण्या मध्यमवर्गाच्या बाजूने झुकलेल्या आहेत हे कोअर्डनेच मांडलं होतं. पण डाउल्टन यांच्या टिपणात बुद्ध्यांक बापाच्या नोकरीवरून नव्हे, वंशावरून ठरवला होता. तिसरा आक्षेप मला अधिक अडचणीचा वाटतो. ईएसएन हा प्रवर्ग 1981 च्या शिक्षण कायद्याने गेला तो प्रामुख्याने वॉर्नॉक समितीच्या शिफारशींमुळे, आणि त्या समितीचा विषय होता अपंग मुलांचं शिक्षण. मग श्रेय पालकांना कसं? सगळं देता येणार नाही, हे खरंच. मात्र त्याच वर्षी सरकारनेच नेमलेल्या रॅम्पटन समितीने वेस्ट इंडियन मुलं मागे पडण्यामागे शिक्षकांचा कळत-नकळत वंशभेद हेही एक कारण असल्याचं लिहून ठेवलं. बारा वर्षांपूर्वी ज्याच्या कागदावर दोष मुलांच्या मेंदूत होता, त्या व्यवस्थेच्या तोंडून हे वदवून घेणं पालकांच्या रेट्याशिवाय झालं नसतं.

शाळेबाहेर मुलांची गाठ पोलिसांशी होती. 1975 मध्ये हॉर्न्झी भागात शाळेबाहेर एका विद्यार्थ्याला पोलिसांनी मारहाण केल्याचं प्रकरण घडलं आणि त्यातून ब्लॅक पॅरेंट्स मूव्हमेंट जन्मली. विद्यार्थ्यांची संघटना वेगळी, पालकांची वेगळी, पण लढा जोडीने. हा शहाणपणा मला विशेष वाटतो. पोरांच्या वतीने बोलता बोलता पोरांनाच गप्प करणारे पुढारी आपण पुष्कळ पाहतो. दक्षिण लंडनच्या लुइशममध्ये मेव्हिस बेस्ट आणि इतर आया ‘सस’विरुद्ध उठल्या. 1824 च्या भटक्यांविषयीच्या कायद्यातलं एक कलम वापरून पोलीस केवळ संशयावर पोरांना उचलत. पोलिसांची साक्ष शिक्षेला पुरे होई. आयांनी चौकीत जाऊन मुलं सोडवून आणली, संसदेपर्यंत धडक मारली. 1981 मध्ये ते कलम रद्द झालं.

त्याच वर्षी 18 जानेवारीला न्यू क्रॉसमधल्या एका घरात वाढदिवसाच्या मेजवानीत आग लागून 13 तरुण कृष्णवर्णीय मुलं-मुली दगावली. ला रोज यांच्या अध्यक्षतेखाली कृती समिती झाली आणि 2 मार्चला, सोमवारी, कामाचा दिवस असूनही सुमारे 20,000 लोक लंडनच्या रस्त्यांवर उतरले. आगीचं कारण आजतागायत निश्चित झालेलं नाही. 1981 आणि 2004 अशा दोन्ही चौकशांत निकाल खुलाच राहिला.

इंग्लंडमध्ये कॅरिबियन वंशाच्या मुलांना शाळेतून कायमचं काढून टाकण्याचं प्रमाण अजूनही गोऱ्या ब्रिटिश मुलांपेक्षा जास्त आहे. म्हणजे लढाई संपलेली नाही. ला रोज 2006 मध्ये वारले. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये स्थापन केलेल्या जॉर्ज पॅडमोर इन्स्टिट्यूटमध्ये या चळवळींची कागदपत्रं जपलेली आहेत. शाळागळतीवर किंवा पोलिसी जाचावर आपल्याकडे काम करणाऱ्यांनी कोअर्डची पुस्तिका मुळातून वाचावी, आणि त्यातही पालकांनी काय करावं हे सांगणारा भाग आधी.