नखांचा सोरायसिस : मलम कोठे लावावे व किती काळ

सोरायसिस हा त्वचेचा दीर्घकालीन विकार अनेकांना ऐकून माहीत असतो. परंतु तो नखांतही प्रकट होतो, याची जाणीव थोड्यांनाच असते. नखांवर टाचणीच्या टोकाएवढे खळगे पडणे, नखाखाली तेलाच्या थेंबासारखा पिवळसर-तांबूस डाग दिसणे, नख जाड होणे अथवा टोकाकडून सुटू लागणे, ही त्याची प्रमुख लक्षणे होत.

शरीराची संरक्षणयंत्रणाच त्वचेच्या पेशींना प्रमाणाबाहेर चेतविते, त्यामुळे हा विकार उद्भवतो. तो सांसर्गिक नाही. अशी नखे असलेल्या व्यक्तीने वाढलेले अन्न घेण्यात किंवा अशा विद्यार्थ्याशेजारी बसण्यात कोणताही धोका नाही. जागतिक आरोग्य परिषदेने २०१४ साली संमत केलेल्या ठरावातही सोरायसिस हा असांसर्गिक विकार असल्याचे नमूद केले आहे.

वरवर पाहता हा विकार नखांच्या बुरशीसारखा भासतो. त्यामुळे काही रुग्ण बुरशीची औषधे महिनोन्‌महिने घेतात व गुण मात्र येत नाही. कधीकधी दोन्ही विकार एकत्रही आढळतात. म्हणून नखाखालील खरवड सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेणे इष्ट होय.

थोड्याच नखांना बाधा असल्यास प्रथम मलमाचा उपचार करतात. क्लोबेटासॉलसारखे तीव्र स्टेरॉइड, ड जीवनसत्त्वाच्या धर्तीवर बनविलेले कॅल्सिपोट्रिऑल अथवा दोहोंचे मिश्रण त्यासाठी वापरले जाते. मात्र नखाचे कठीण कवच औषधाला सहजासहजी आत जाऊ देत नाही; म्हणून नखाच्या पृष्ठभागावर मलम चोळून फारसा लाभ होत नाही. खळगे पडले असतील तर दोष नख जेथे तयार होते त्या मुळाशी असतो. अशा वेळी मलम नखामागील कातडीच्या घडीवर लावावे लागते. नख सुटले किंवा खालून जाड झाले असेल तर सुटलेला भाग हलकेच कापून, औषध नखाखालील त्वचेपर्यंत पोहोचवावे लागते.

दुसरी आवश्यकता धीराची. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. पूर्ण नवे नख येण्यास सुमारे ६ महिने, तर पायाच्या नखास १२ ते १८ महिने लागतात. महिनाभरात फरक दिसला नाही म्हणून उपचार सोडणे योग्य नव्हे. तसेच डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून स्टेरॉइड दीर्घकाळ लावणेही घातक होय. त्यायोगे बोटांची त्वचा पातळ होते.

नखे आखूड ठेवावीत, नखाखाली टोकदार वस्तूने कोरू नये व ओल्या कामाच्या वेळी हातमोजे वापरावेत. कारण इजेने विकार बळावतो. बोटांचे सांधे सुजत अथवा सकाळी आखडत असतील, तर विलंब न लावता तज्ज्ञांना दाखवावे. हा विकार सांध्यांतही शिरतो आणि तेथे झालेली हानी भरून येत नाही. अनेक नखे बाधित असल्यास पोटातून किंवा इंजेक्शनद्वारे द्यावयाची औषधेही उपलब्ध आहेत.

शिक्षक व पंचायत सदस्य यांनी ही माहिती गावात पोहोचविली, तर रुग्ण वेळीच उपचारास येतील आणि केवळ नखे पाहून कोणाला पंक्तीतून वा कामावरून दूर सारले जाणार नाही.