आजाऱ्यांची सेवा आणि तिचा हिशेब

आजाऱ्यांचा समाचार घेणे हे ख्रिस्तसभेने दयेच्या कृत्यांत गणले आहे, आणि आपल्या गावांतून ते निष्ठेने पाळलेही जाते. एखाद्या घरी कोणी अंथरुणास खिळले, की शेजारीण भाकरी-कालवण घेऊन येते, सायंकाळी चार माणसे जमून रोझरी म्हणतात. परंतु ज्या दवाखान्यात आपण त्या आजाऱ्यास नेतो, तेथे त्याला काय मिळाले आणि काय मिळावयास हवे होते, याची चौकशी मात्र क्वचितच होते. पारावर कुरकुर होते खरी. पण कुरकुर म्हणजे चौकशी नव्हे. कुरकुरीने मन हलके होते, चौकशीने दवाखाना सुधारतो.

संत लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपणां सर्वांस तोंडपाठ आहे. जखमांवर तेल व द्राक्षारस ओतणे, जखमीला आपल्या जनावरावर बसवणे, उतारशाळेत नेणे, हे सारे आपण ध्यानात ठेवतो. पण जाताना त्याने रखवालदारास दोन नाणी दिली आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना फेडीन असे सांगितले, याकडे आपले लक्ष जात नाही. परत येण्याचा शब्द देणे, म्हणजे सेवा नीट झाली की नाही हे स्वतः येऊन पाहण्याची जबाबदारी घेणे होय. त्याची दया उतारशाळेच्या दाराशी संपली नाही.

आपल्या बीदर-कलबुर्गीच्या मुलखात या जबाबदारीचे मोल अधिक आहे. हा भाग मागे राहिला, हे देशानेही मान्य केले. म्हणूनच २०१२ साली घटनादुरुस्ती होऊन कलम ३७१-जे अन्वये त्यास विशेष तरतूद मिळाली. तथापि औराद, भालकी, बसवकल्याण, आळंदच्या वाड्या-वस्त्यांतील कुटुंबांना मोठ्या दुखण्यासाठी आजही बीदर, कलबुर्गी, लातूर वा सोलापूर गाठावे लागते. त्यात मजुरी बुडते, प्रसंगी सावकाराचे दार ठोठवावे लागते. जवळचे केंद्र नीट चालले तर यांतील कितीतरी फेऱ्या वाचतील.

आपले देणे काय, हे प्रथम जाणून घेणे अगत्याचे आहे. सपाटीच्या प्रदेशात साधारण ५,००० लोकवस्तीस एक उपकेंद्र व ३०,००० वस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा सरकारचाच दंडक आहे. २०११ पासून सरकारी दवाखान्यातील बाळंतपण, मग ते शस्त्रक्रियेने झालेले का असेना, औषधे, तपासण्या, रक्त, मुक्कामातील जेवण आणि जाण्या-येण्याचे वाहन यांसह विनामूल्य आहे. क्षयरोग्यास औषध फुकट मिळते. शिवाय पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत, ते नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. जो हक्क ठाऊक नाही, तो मागता कसा येईल?

आता शिवेपलीकडे, उमरग्याकडे पाहू. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झाले, त्यात सेवांवर लोकांनी देखरेख ठेवावी अशी योजना होती. त्यानुसार महाराष्ट्रात २००७ पासून पाच जिल्ह्यांतील २२५ गावांत हे काम हाती घेण्यात आले. तेव्हाचा उस्मानाबाद, आजचा धाराशिव, हा त्यांपैकी एक जिल्हा होता. गावकऱ्यांनी एकत्र बसून प्रत्येक सेवेची पारख केली: चांगल्या सेवेस हिरवा रंग, बेताच्या सेवेस पिवळा, वाईट सेवेस तांबडा. अक्षरओळख नसलेल्या आजीबाईंनाही तो तक्ता वाचता येत असे. पुढे जनसुनवाई भरवून अधिकाऱ्यांसमोर हे तक्ते मांडले गेले. पहिल्या फेरीत निम्म्याहून किंचित कमी सेवांना ‘चांगली’ हा शेरा मिळाला होता. तिसऱ्या फेरीपर्यंत ते प्रमाण सुमारे दोन-तृतीयांशावर गेले. एकदा विचारून लोक थांबले नाहीत, पुन्हा विचारले, हे या यशाचे मर्म होय.

आपल्याकडे ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समिती आहे, आरोग्य केंद्रासाठी आरोग्य रक्षा समिती आहे. त्यांच्या बैठकींना आपण जावे, आणि जाताना मोजके प्रश्न विचारून जावे. परिचारिका ठरल्या दिवशी गावात आली काय? औषध केंद्रात मिळाले, की बाहेरच्या दुकानातून आणावे लागले? बाळंतपणात कोणी पैसे घेतले काय? १०८ ची गाडी किती वेळाने आली? डॉक्टरांनी सांगितलेले पथ्यपाणी रुग्णास त्याच्या भाषेत समजले काय? हे प्रश्न केवळ आपल्या मंडळींच्या घरी विचारून भागणार नाही. हिंदू, मुसलमान, लिंगायत, दलित, सर्व शेजाऱ्यांच्या दारी जावे; ताप जात-धर्म पाहून येत नाही. मात्र क्षयरोग किंवा तत्सम दुखण्याच्या रुग्णाचे नाव कागदावर लिहू नये व चारचौघांत उच्चारू नये. त्याची अब्रू हीदेखील आपल्या हाती दिलेली ठेव आहे.

दुसरे असे की, चौकशी म्हणजे शिक्षा नव्हे. उपकेंद्रातील परिचारिकेकडे औषधाचा साठाच आला नसेल, दोन जणींचे काम ती एकटी करत असेल, तर तिच्यावर ओरडून काय साधणार? तिची अडचणही तक्त्यात लिहावी आणि ज्याच्या हाती उपाय आहे त्याच्यापुढे ठेवावी. जेथे काम उत्तम आहे तेथे हिरवा रंग देताना हात आखडू नये. आणि हेच माप आपल्या सिस्टरांच्या दवाखान्यांनाही लावावे. मिशनचे नाव असले म्हणून पारख टळत नाही.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली जागतिक आजारी दिन ठरवून दिला. ११ फेब्रुवारी, लूर्दमातेच्या सणाचा तो दिवस. त्या दिवशी आपण रुग्णांसाठी मिस्सा अर्पण करतो. यंदा त्या मिस्सेनंतर प्रत्येक गावच्या चार जाणत्या माणसांनी, त्यांत दोन तरी स्त्रिया असाव्यात, एकत्र बसून आपल्या केंद्राचा पहिला तक्ता तयार करावा. सहा महिन्यांनी तेच प्रश्न घेऊन त्याच दारी पुन्हा जावे. शोमरोन्याने परत येण्याचा शब्द दिला होता. तो शब्द पाळणे आता आपल्याकडे आहे.