१२३४५६५४३२१ : एका संख्येचे कुळ

व्यापारी मनुष्यास मोठ्या आकड्याचे भय वाटत नाही. मात्र रकमेविषयी आपण येणे की देणे एवढेच विचारतो. संख्येस तिचे कुळही विचारावे लागते. बारा अब्ज चौतीस कोटी छप्पन्न लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस ही संख्या त्या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. अंकांत ती १२३४५६५४३२१ अशी होते. डावीकडून वाचा वा उजवीकडून, सारखीच.

राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याच्या काळी, इ. स. ८५० च्या सुमारास, जैन गणिती महावीराचार्य यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातील गुणाकाराच्या उदाहरणांत २७९९४६८१ यास ४४१ ने गुणून हीच संख्या आणली आहे. अशा काही उत्तरांस ते कंठ्याची उपमा देतात. (हा ग्रंथ हिंदी अनुवादासह १९६३ साली सोलापुरास प्रसिद्ध झाला.) आचार्यांचे कौशल्य आकडे उलगडल्यावर ध्यानी येते. ४४१ हा २१ चा वर्ग, २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग. आणि २१ गुणिले ५२९१ म्हणजे १११११১. सहा एकांचा वर्ग त्यांनी गुणाकारात असा झाकून ठेवला!

वाचकांनी १११११১ यास त्याच संख्येने कागदावर गुणून पाहावे. सहा ओळी एकेक घर सरकत मांडल्या जातात. कडेच्या घरात एकच एक पडतो, मधल्या घरात सहा. हातचा कोठेच येत नाही, म्हणून चढउतार इतका स्वच्छ.

अशा संख्यांस विसाव्या शतकात नाव मिळाले. आपल्या सिल्वासाच्या शेजारी, डहाणूस, १९०५ साली जन्मलेले आणि देवळालीस शिक्षकी केलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी ‘डेमलो’ संख्यांचा वर्ग कल्पिला. डेमलो हे आजच्या डोंबिवली स्थानकाचे जुने नाव. ही कल्पना त्यांस तेथे सुचली. २५५३ यात कडेचे २ व ३ मिळून मधला ५ होतो, तशी ही जात. एकांच्या वर्गांस त्यांनी तीत अद्भुत म्हणून मानाचे स्थान दिले.

आता कुळाची तपासणी. १११११১ म्हणजे १११ गुणिले १००१. अर्थात ३, ३७, ७, ११ आणि १३ यांचा गुणाकार. वर्गात प्रत्येक अवयव दोनदा येतो, म्हणून आपल्या संख्येस २४३ भाजक आहेत. अंकांची बेरीज ३६, म्हणजे सहाचा वर्ग; नवाचा ताळा शून्य, म्हणून नवाने भाग जातो. परंतु ३६ ने जात नाही, कारण संख्या विषम आहे. अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणारी ती ‘हर्षद’ संख्या, हेही नाव कापरेकरांचेच. त्या पंक्तीत हिला स्थान नाही. नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ मात्र हर्षद ठरतो. त्याच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तो निःशेष भागला जातो.

कोणी अशा आकड्यांस शुभाशुभ चिकटवतात. आमच्या मते त्यांचे सौंदर्य हातच्याच्या अभावात आहे. दहा एकांचा वर्ग केला की मधल्या घरात दहा पडतात, हातचा निघतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे येते. आठ तेथून गळालेला असतो.