खरूज एकाला, औषध अख्ख्या कोपीला

दिवाळीच्या सुमारास दौंड आणि शिरूर तालुक्यांत ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. पाटस, न्हावरे या कारखान्यांच्या पट्ट्यात मोकळ्या रानात कोप्या पडतात. एका कोपीत नवरा-बायको, लेकरं, कधी म्हातारी आईसुद्धा. थंडीत सगळे एकाच वाकळेखाली. खरजेला एवढी जवळीक पुरते. ती अंगाला अंग लागून पसरते, रोज आंघोळ करणाऱ्यालाही होते. हे ठासून सांगायला हवं, कारण लाजेपायी माणसं ती लपवतात.

तिच्या मुळाशी अर्ध्या मिलिमीटरहून लहान किडा असतो. मादी कातडीच्या वरच्या थरात बीळ करून रोज दोन-तीन अंडी घालते. पहिल्यांदा लागण झालेल्याला चार-सहा आठवडे खाजच सुटत नाही. तोवर त्याच्याकडून ती इतरांना लागत राहते.

रात्री वाढणारी खाज आणि घरात आणखी कुणाची तीच तक्रार, ही जोडी दिसली की संशय घ्यावा. बोटांची बेचकी, मनगटं, काखा, बेंबीभोवती, जांघा नीट पाहाव्यात. पाचटाने ओरखडलेल्या हातांवर पुरळ सहज नजरेतून सुटतं. डॉक्टर कधी तिथे शाई लावतात आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुसतात. वरची शाई जाते, बिळात उतरलेली राहते. काही मिलिमीटरची वाकडी रेघ दिसू लागते.

मेडिकलमधून परस्पर आणलेलं स्टेरॉइडचं मलम घात करतं. खाज दबते, किडा जगतो, आणि पुढे डॉक्टरांनाही निदान अवघड जातं.

नेहमीचं औषध म्हणजे ५ टक्के परमेथ्रिनचं मलम. रात्री गळ्यापासून तळपायापर्यंत, नखांखालीही लावायचं, ८ ते १४ तासांनी धुवायचं, आठवड्याने पुन्हा तसंच. खाज नसलेल्यांसह सगळ्यांनी, एकाच रात्री. कोपीतल्या एकालाच ट्यूब देऊन पाठवणं म्हणजे औषध वाया घालवणं. तान्ह्या बाळासाठी डॉक्टरांना विचारावं. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्याही असतात, पण त्या गरोदर बाईला आणि १५ किलोखालच्या मुलाला देत नाहीत. कपडे, वाकळा गरम पाण्यात धुवाव्यात. जमलं नाही तर प्लास्टिकच्या पिशवीत आठवडाभर बांधून ठेवाव्यात.

उपचारानंतरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते, म्हणून रोज मलम चोपडू नये. खाजवून पिकलेले फोड मात्र अंगावर काढू नयेत. त्यातल्या जंतुसंसर्गापायी पुढे मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. मुलाचं तोंड सुजलं किंवा लघवी चहाच्या रंगाची झाली, तर त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय गाठावं.