कोंबुचा : एका आंबट पेयाचा विचार

खाण्यापिण्याच्या बाबतींत प्रत्येक पिढीला स्वतःचें एक नवें अमृत सांपडत असतें. आमच्या लहानपणीं चहालाच विष म्हणणारीं वडील माणसें घरोघरीं होतीं. आज त्याच चहापासून आंबवून केलेलें 'कोंबुचा' नांवाचें पेय पुण्या-मुंबईच्या दुकानांत थंड कपाटांतून मांडलेलें दिसतें, आणि तें आरोग्याचें भांडारच आहे असें सांगणारांची वाण नाहीं. कोणी म्हणतात पचन सुधारतें, कोणी म्हणतात मधुमेह जातो, आणि कोणी तर कर्करोगापर्यंत मजल नेतात. उलटपक्षीं, हें मद्यच होय, सबब उंबरठ्याच्या आंत येऊं देऊं नये, असें म्हणणारेहि आहेत. दोन्ही पक्षांचा आवेश बाजूस ठेवून मूळ वस्तु काय आहे हें पाहावें, आणि मग तिला आपल्या घरांत जागा द्यावी कीं न द्यावी, व दिल्यास कोणती द्यावी, हें ठरवावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम नांवाविषयीं. 'कोंबु' हें जपानांत खाल्लें जाणारें एक समुद्रशेवाळ, आणि 'चा' म्हणजे चहा. जपानांत कोंबुचा मागितला तर त्या वाळविलेल्या शेवाळाचें खारट ऊन पाणी पुढें येतें! आपण ज्या पेयाविषयीं बोलत आहों त्याला तेथें 'कोचा किनोको', म्हणजे 'लाल चहाचें अळंबें' म्हणतात. आपल्या नेहमींच्या चहाला ते लोक लाल चहा म्हणतात. पश्चिमेकडे हीं नांवें एकमेकांत मिसळलीं, आणि चुकीचें नांवच जगभर रूढ झालें.

इतिहासाचीहि तीच गत. दोन हजार वर्षांपूर्वीं चीनच्या सम्राटानें हें प्राशन केलें, कोंबु नामक वैद्यानें तें जपानांत नेलें, अशा कथा सर्रास सांगितल्या जातात. त्यांना भरंवशाचा आधार नाहीं. खात्रीनें सांगतां येतें तें एवढेंच कीं, ईशान्य चीन आणि त्याला लागून असलेला रशियाचा मुलूख या बाजूनें हें पेय पश्चिमेकडे आलें, व विसाव्या शतकाच्या आरंभापासून रशियांत 'चायनी ग्रीब', म्हणजे 'चहाचें अळंबें', या नांवानें पसरलें. लिंडाऊ या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानें १९१३ सालीं त्याला मेडुसोमायसीस असें बुरशीच्या जातीचें शास्त्रीय नांव दिलें. सोव्हिएट काळांत तेथील कित्येक स्वयंपाकघरांच्या खिडकींत फडक्यानें तोंड बांधलेली काचेची बरणी असे, आणि तिच्यांतील विरजण शेजारीण शेजारणीला देत असे. जपानांत १९७५ च्या सुमारास याची मोठी लाट आली. अमेरिकेंत तें १९९० नंतर बाजारांत शिरलें, आणि तेथूनच आपल्याकडे आलें.

आतां बरणींत काय घडतें तें पाहूं. आमच्या भगिनीवर्गाला हें समजावून सांगण्यास फारसे श्रम पडणार नाहींत, कारण विरजण लावणें ही क्रिया त्यांच्या हातची आहे. दुधाला दह्याचें विरजण लावतात तसें गोड चहाला आधींच्या कोंबुचाचें लावावयाचें. या विरजणांत दोन प्रकारचे सूक्ष्म जीव एकोप्यानें राहतात. एक किण्व, ज्याला इंग्रजींत यीस्ट म्हणतात. दुसरे शिरका तयार करणारे जंतु. किण्व साखरेचे दोन घटक वेगळे करतें आणि त्यांपासून थोडा मद्यार्क व कर्बवायु उत्पन्न करतें. जंतु हवेच्या साहाय्यानें त्या मद्यार्काचें शिरक्यांतील अम्ल बनवितात, व द्राक्षशर्करेपासून दुसरें एक सौम्य अम्ल करतात. एकानें उत्पन्न करावें आणि दुसऱ्यानें त्याचें रूपांतर करावें, असा हा एकत्र कुटुंबाचाच संसार आहे! पृष्ठभागावर जी जाड, चिवट साय धरते तिला लोक अळंबें समजतात; पण ती अळंबें नव्हे. या जातीचे जंतु साखरेपासून सेल्युलोज, म्हणजे ज्या द्रव्याचा कापूस बनतो तेंच द्रव्य, विणतात, हें ब्राउन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानें १८८६ सालींच दाखवून दिलें होतें.

आमच्या घरीं धाकट्या सूनबाईंनीं अशी बरणी मांडली तेव्हां आमच्या वृद्ध वहिनींनीं आम्हांस सरळ प्रश्न केला : "भावजी, यांत दारू असते म्हणतात, तें खरें का?" या प्रश्नाला उडवाउडवीचें उत्तर देणें योग्य नव्हे. मद्यार्क यांत असतो, हें खरें आहे. नीट आंबलेल्या व थंड ठेवलेल्या पेयांत तो सामान्यतः शेंकडा अर्ध्याच्या आसपास असतो. परंतु बाटली घट्ट बंद करून उष्णतेंत ठेवली तर किण्वाचें काम चालूच राहतें, जंतूंना हवा मिळत नाहीं, आणि प्रमाण वाढतें. अमेरिकेंत मद्य न समजल्या जाणाऱ्या पेयांना शेंकडा अर्ध्याची मर्यादा आहे. कांहीं बाटल्यांतील मद्यार्क ती ओलांडतो अशी शंका आल्यावरून २०१० सालीं तेथील मोठ्या दुकानांनीं हें पेय कांहीं काळ काढून घेतलें होतें.

मात्र शास्त्रदृष्टीनें विचार करतां हा प्रश्न आपल्या पूर्वजांना नवा नव्हता. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत आंबलेले पदार्थ वर्ज्य सांगतांना दहीं, दह्यापासून झालेले सर्व पदार्थ, आणि चांगल्या फुलामुळाफळांपासून आंबवून केलेले पदार्थ यांचा अपवाद केलेला आहे. चहा हें पडलें पान. तेव्हां काटेकोर पंडिताला वादास जागा आहे! शार्ङ्गधरसंहितेंत संधानाचे, म्हणजे आंबविण्याचे, प्रकार सांगितले आहेत. न शिजविलेल्या औषधांचें तें आसव, काढ्याचें तें अरिष्ट, आणि मधुर द्रव आंबट झाला कीं तें चुक्र. कोंबुचा कृतीनें अरिष्टाच्या जवळचा, पण परिणामानें चुक्रवर्गांतील आहे. आणि ज्या घरांत मद्याचा थेंब कधीं आला नाहीं त्याच घरांत बाळंतिणीला दशमूलारिष्ट व अशक्त माणसाला द्राक्षासव दिलें जात आलें आहे. त्यांत आपोआप उत्पन्न झालेला मद्यार्क कोंबुचापेक्षां पुष्कळच अधिक असतो. म्हणून आम्हीं वहिनींना सांगितलें, कीं यानें नशा येत नाहीं. पण थेंबभरहि नको असा ज्यांचा नेम आहे त्यांनीं तें घेऊं नये. त्यांनीं तें घेतलें नाहीं, आणि सूनबाईंनींहि आग्रह केला नाहीं. घरांत एका जिनसेविषयीं दोन मतें सुखानें नांदूं शकतात.

आतां आरोग्याचें. एर्न्स्ट या वैद्यकशास्त्रज्ञानें २००३ सालीं या पेयाविषयींचा मानवी पुरावा एकत्र करूं पाहिला, तेव्हां दाव्यांना आधार देईल असा एकहि प्रयोग त्यांना मिळाला नाहीं. पुढें २०२३ सालीं अमेरिकेंतील जॉर्जटाउन विद्यापीठाच्या संशोधकांनीं मधुमेहाच्या १२ रुग्णांवर एक लहान प्रयोग प्रसिद्ध केला. चार आठवडे रोज सुमारें पाव लिटर कोंबुचा घेतल्यावर उपाशीपोटींची रक्तशर्करा सरासरीनें १६४ वरून ११६ वर आली. ही गोष्ट उत्साहवर्धक आहे खरी; पण बारा माणसें म्हणजे एका पंक्तीइतकींहि नव्हत. एवढ्यावरून औषध ठरत नसतें. हें आम्ही आग्रहानें सांगतों याला कारण आहे. आमचे एक जुने सहाध्यापक कोणाच्या तरी सांगण्यावरून मधुमेहाच्या गोळ्या बंद करून या पेयावर विसंबले, आणि तीन महिन्यांत त्यांना रुग्णालयांत न्यावें लागलें. पेयानें त्यांना अपाय केला नाहीं. अपाय केला तो पेयावरील श्रद्धेनें.

प्रत्यक्ष अपायाचीं उदाहरणें थोडीं, पण लक्षांत ठेवण्याजोगीं आहेत. १९९५ सालीं अमेरिकेच्या आयोवा प्रांतांत हें पेय नित्य घेणाऱ्या दोन स्त्रियांच्या रक्तांत अम्लता अतिशय वाढली व त्यांपैकीं एक दगावली. दोष पेयाचाच होता असें सिद्ध झालें नाहीं. तरी तेथील सरकारी आरोग्यखात्यानें निरोगी माणसाला दिवसाकाठीं सुमारें १२० मिलिलिटर घेण्यास हरकत दिसत नाहीं, असें प्रमाण सांगितलें. दुसरें उदाहरण १९९८ सालीं ऑस्ट्रेलियांत प्रसिद्ध झालें. एका दांपत्यानें झिलईच्या मातीच्या भांड्यांत कोंबुचा केला, अम्लानें झिलईंतील शिसें विरघळलें, आणि दोघांना विषबाधा झाली. बिनकल्हईच्या पितळी भांड्यांत ताक कळकतें हें जिला ठाऊक आहे त्या गृहिणीला याचें मर्म निराळें सांगावयास नको.

ज्यांना घरीं करावयाचें आहे त्यांच्यासाठीं थोडक्यांत कृति देतों. एक लिटर पाणी उकळून त्यांत दोन चमचे चहा व सुमारें ७० ग्रॅम साखर घालावी, गाळून पूर्ण निववावें. स्वच्छ काचेच्या बरणींत ओतून त्यांत आधींचा आंबट कोंबुचा निदान १०० मिलिलिटर व सायीचा तुकडा घालावा. हें आंबट विरजण कमी पडूं देऊं नये, कारण आरंभींची अम्लताच वाईट जंतूंना दूर ठेवते. तोंडाला दाट विणीचें फडकें बांधून बरणी उन्हापासून दूर ठेवावी. सात ते दहा दिवसांत पेय तयार होतें. आपल्याकडील उन्हाळ्यांत त्याहून लवकर होतें, म्हणून चौथ्या दिवसापासून चव पाहावी. सायीवर हिरवे, काळे किंवा लवदार कोरडे ठिपके दिसले तर सायीसह सगळें टाकून द्यावें. वरचेवर काढून उरलेलें वापरण्याचा मोह धरूं नये. तयार पेय थंड कपाटांत ठेवावें, आणि बंद बाटली बाहेर विसरूं नये. वायूच्या दाबानें कांच फुटते. गर्भिणी, अंगावर पाजणाऱ्या माता, लहान मुलें, मूत्रपिंडाचे किंवा यकृताचे रोगी आणि ज्यांची प्रतिकारशक्ति क्षीण आहे अशीं माणसें, यांनीं यापासून दूर राहावें, हें उत्तम. तसेंच चहांतील कॅफीन यांत बव्हंशीं शिल्लक राहतें, म्हणून तें रात्रीं घेऊं नये.

मग या पेयाची योग्य जागा कोणती? आमच्या मतें ती ताकाच्या जागीं नाहीं. ताकांत दुधाचीं प्रथिनें व चुना आहे, तें एका रात्रींत होतें, आणि आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांना चालतें. कोंबुचाची जागा आहे ती त्या रंगीत, फसफसणाऱ्या बाटल्यांच्या जागीं, ज्यांच्या दर १०० मिलिलिटरांत १० ते ११ ग्रॅम साखर असते आणि ज्या आपल्या कॉलेजांत जाणाऱ्या मुलांच्या हातीं रोज दिसतात. त्या मुलांना नुसतें 'पिऊं नको' म्हणून भागत नाहीं. हातीं दुसरें कांहीं द्यावें लागतें. त्याच फसफसण्याचा आनंद कमी साखरेंत मिळत असेल, आणि शिवाय तें पेय आपल्या हातानें, सात दिवस वाट पाहून केलेलें असेल, तर तो लाभ लहान नव्हे. जेवणाबरोबर लहान पेलाभर घ्यावें, मागाहून चूळ भरावी म्हणजे दांतांना अम्ल बाधत नाहीं, आणि चव आवडली म्हणूनच घ्यावें. रोग जाईल म्हणून नव्हे. पाहुण्याचें आदरातिथ्य करावें, पण त्याच्या हातीं घराच्या किल्ल्या देऊं नयेत, हाच व्यवहार येथेंहि शोभेल.