राजाविना राज्य : चार्ल्स झाडावर, अप्पासाहेब डोंगरात

इंग्लंडच्या राजाविना काळाच्या गोष्टीतलं रिचर्ड क्रॉमवेलचं प्रकरण पुढच्या आठवड्यावर टाकतो आहे. पांढुर्ण्याच्या एका वाचकांनी विचारलंय, ‘राजाला बाजूला सारून राज्य चाललं, असं आपल्या मुलखात कधी झालं का?’ पत्र वाचल्यापासून दुसरं काही सुचत नाही.

झालं. पांढुर्णा-सौंसर तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकड्यांवर राजे अप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढली आणि हरली. मार्च १८१८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या रेसिडेंट रिचर्ड जेनकिन्सने अप्पासाहेबांना कैद करून अलाहाबादकडे रवाना केलं. मे महिन्यात, जबलपूरच्या अलीकडे, त्यांनी पहाऱ्यावरचे शिपाई फितवले, शिपायाचाच वेश चढवला आणि रातोरात निसटले. गेले ते महादेवाच्या डोंगरात. हर्रईच्या चैनशहा या गोंड जहागीरदाराने त्यांना आसरा दिला. सौंसरहून घाट चढून छिंदवाडा ओलांडला, की उत्तरेला तोच डोंगराळ मुलूख लागतो. चौरागडच्या यात्रेला आपली माणसं जातात ती याच डोंगरात.

इंग्लंडातलं बॉस्कोबेलचं ओकचं झाड आठवा. ३ सप्टेंबर १६५१ ला वूस्टरच्या लढाईत हरलेला, शिरच्छेद झालेल्या राजाचा तरुण मुलगा चार्ल्स त्या झाडावर दिवसभर लपून बसला होता आणि खाली पार्लमेंटच्या सेनापती क्रॉमवेलचे शिपाई रान धुंडाळत होते. त्याचं ओक मला अप्पासाहेबांच्या सातपुड्याशेजारी ठेवावंसं वाटतं.

पुढे मात्र दोन्हीकडची तऱ्हा उलटी. इंग्लंडात पार्लमेंटने मार्च १६४९ मध्ये राजपदच कायद्याने रद्द केलं. नव्या राजमुद्रेवर राजा नव्हता. भरलेलं कॉमन्स सभागृह कोरलं होतं आणि ते स्वातंत्र्याचं पहिलं वर्ष म्हणून नोंदलं होतं. नाव गेलं, सत्ताही गेली, आणि दोन्ही उघडपणे गेली. नागपुरात नाव जपलं. जून १८१८ मध्ये दहा वर्षांच्या आसपासचा मुलगा दत्तक घेऊन तिसरे रघूजी म्हणून गादीवर बसवला. वाड्यात त्याची पालक बाकाबाई, दुसऱ्या रघूजींची विधवा. वसुली, न्याय, फौज मात्र जेनकिन्सच्या हातात. परगण्यांवर गोरे अधिकारी, आणि सगळा कारभार त्या पोराच्या नावाने! १८२६ च्या तहानंतर एकेक मुलूख राजाकडे परत आला, तो १८३० पर्यंत. म्हणजे गादी रिकामी नसतानाही बारा वर्षं हे राज्य राजाविनाच होतं. मला ही तऱ्हा इंग्लंडच्यापेक्षा अधिक घातक वाटते. मोकळी गादी रयतेला दिसते. नावाआड गेलेली सत्ता दिसत नाही. १८५३ मध्ये रघूजी औरस वारसाविना वारले आणि पुढच्याच वर्षी राज्य खालसा झालं. कारभाराची वाट कंपनीला आधीच ठाऊक होती.

चार्ल्स २९ मे १६६० ला, तिसाव्या वाढदिवशी, लंडनमध्ये परतला. ते त्याच्या कारकिर्दीचं बारावं वर्ष धरलं गेलं. मोजणी बापाच्या शिरच्छेदापासून, म्हणजे ३० जानेवारी १६४९ पासून. मधली अकरा वर्षं कायद्याच्या कागदावरून पुसली. अप्पासाहेबांना परतणं नव्हतं. असीरगड, पुढे पंजाब, शेवटी जोधपूर. तिथेच १८४० मध्ये ते वारले.

पत्रलेखकांना आणि इतरांनाही एक विनंती. पांढुर्णा, मोहगाव, सौंसरकडच्या जुन्या पाटील-मालगुजारांच्या वाड्यात १८१८ ते १८३० मधला एखादा मोडी कागद असेल, तर त्यावर शिक्का कुणाच्या नावाचा आहे, तेवढं कळवा.